मालसुनचा रेंजर

जंगसनच्या बाजारातल्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे तासाच्या भाड्याने संगणकावर खेळायच्या दुकानात, रविवारी दुपारी नऊ खुर्च्या एकाच टोळीसाठी राखलेल्या असत. आठ खुर्च्यांवर पंचविशीतली पोरं आणि नवव्या खुर्चीवर मालसुन, वय एकसष्ट. बावीस वर्षं डोंगरावर वणव्यापासून रानाची राखण केली होती तिने. गुडघ्यांनी डोंगर बंद केला, तेव्हा तिने संगणकावरच्या खेळातलं रान धरलं आणि त्यात रेंजर, म्हणजे धनुष्यवाला शिकारी, घेतला.

आज तिची खुर्ची धोक्यात होती.

"मावशी, अजून तसाच?" टोळीचा म्होरक्या ग्यूजिन तिच्या पडद्यात डोकावला. "पहिल्या नंबरच्या रेंजरने कशात किती पॉइंट घातले त्याचा तक्ता तीनदा पाठवला तुम्हाला. सगळे पॉइंट धनुष्याच्या ताकदीत. अख्खा देश तसाच खेळतो."

"बघितला. छान आहे."

"छान आहे काय? तुम्ही पॉइंट घातलेत कानात, माग काढण्यात, सापळ्यांत. असल्या रेंजरला लोक कचरा म्हणतात."

"म्हणू दे की. लोकांना दुसरं काम काय?"

ग्यूजिन पोरगा वाईट नव्हता. पण परीक्षेपासून केसांच्या वळणापर्यंत सगळ्यात पहिल्या नंबराचं बघून करायची सवय लागलेल्यांपैकी तो एक. स्वतः रेंजर होता आणि तक्त्याबाहेर त्याने एक पॉइंट टाकला नव्हता.

"तीन रविवार राखाडी वाघ आपल्याला फाडतोय," तो म्हणाला. "तुमच्या जागी यायला दुसरा तयार आहे, मावशी. मला वाईटपणा घ्यायला लावू नका."

हा रेंजर तिने आठ महिने खपून, एकेक पॉइंट विचार करून घडवला होता. आपली दोन पोरंसुद्धा तिने इतक्या निगुतीने वाढवली नव्हती, असं तिची धाकटी बहीण चिडवायची.

"एक डाव दे," ती म्हणाली. "हरलो तर तुझ्यासमोर सगळे पॉइंट पुसते आणि तुझा तक्ता उतरवून घेते. मग तर झालं?"

डाव सुरू झाला. वाघाचा जीव निम्मा झाला आणि नेहमीप्रमाणे त्याने धुकं सोडलं. आठही पडदे पांढरे झाले. आता तो मागून येणार, आधी जखमा भरणाऱ्या सोल्बीला मारणार आणि पाठोपाठ सगळे मरणार, हे तिन्ही रविवारी झालं होतं.

"आली माझी वेळ," सोल्बी पुटपुटली.

मालसुनच्या पडद्यावर मात्र ओल्या मातीत पंजे उमटत होते. माग काढण्यात घातलेल्या पॉइंटांनी ते तिला एकटीलाच दिसत होते. डोंगरावर धूर दिसला की ती धुराकडे बघत बसत नसे, वारा कुठे निघालाय ते बघे. आताही तिने पंजे कुठे वळताहेत तेवढंच पाहिलं. ते ओढ्याला वळसा घालून येत होते.

"सोल्बी, जागची हलू नकोस. तुझ्या पाठीमागून येतोय."

"आणि मी हलू नको?"

"हललीस तर तो वाट बदलेल. मी सापळे लावतेय ना."

तिने सोल्बीच्या मागे ओळीने तीन सापळे लावले आणि कानांवरचे हेडफोन दाबून धरले. गुरगुर जवळ आली. पहिला सापळा वाघाने ओलांडला. दुसऱ्यात त्याचा पाय अडकला, धुकं फाटलं आणि तो सगळ्यांना दिसला.

"आता मारा रे," मालसुन शांतपणे म्हणाली. "कुठे जात नाही तो."

ग्यूजिनच्या बाणांनी राखाडी वाघ पडला. पोरं खुर्च्यांवरून उठून एकमेकांच्या पाठी बडवत होती. सोल्बी मालसुनच्या गळ्यातच पडली.

मग पडद्यावर यादी आली, कोणी वाघाला किती मारलं त्याची. वर ग्यूजिन. सगळ्यात खाली मालसुन. तळाच्या माणसाची टर उडवायची रीतच होती, पण आज ती कोणी पाळली नाही.

ग्यूजिनने आपला रेंजर उघडला होता. पॉइंट पुसायच्या बटणावर बोट ठेवून तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, पहिला पॉइंट कशात घालू?"

मालसुनने त्याचं मनगट धरलं. "कशातच नको. माझ्यासारखे दोन झाले तर वाघाला मारणार कोण? सोल्बी मारणार? तू आहेस तसा ठीक आहेस. आणि मीपण."

मग तिने फोन काढला आणि यादीचा फोटो घेतला, तळाचं आपलं नाव नीट वाचता येईल असा. तो धाकट्या बहिणीला पाठवून खाली लिहिलं, "वाघ पडला. शेवटची आहे ती मी."