साखर नोएलीनची

शेडमध्ये फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि अ‍ॅथलच्या हातातला टोस्ट बशीत पडला. तो उठेपर्यंत दुसरा झाला, मग लागोपाठ दोन-तीन.

"कोण मेलं सकाळी सकाळी बंदूक घेऊन बसलंय?" नोएलीन खिडकीचा पडदा सारत म्हणाली.

"तू बस गं. मी बघून येतो."

शेडचं दार उघडलं तर जमिनीवर काचांचा सडा आणि सगळीकडे फेसच फेस. उरलेल्या बाटल्यांवर त्याने जुनं ब्लँकेट फेकलं आणि पालथ्या बादलीवर मटकन बसला. काय झालंय ते त्याला कुणी सांगायला नको होतं. बाटल्यांत साखर दोनदा पडली होती.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानियाच्या त्या किनाऱ्यावर, जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात शेड गारठते, आणि फिकी लागर बिअर गारठ्यातच नीट आंबते. म्हणून कागद गिरणीतल्या नोकरीपासून अ‍ॅथलचा हिवाळ्यातला उद्योग ठरलेला. माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या, अर्काचा डबा आणायचा, काकवीसारखा तो दाट अर्क गरम पाण्यात ढवळायचा, पिंपात यीस्ट टाकून वाट बघायची. पण बाटल्या भरायच्या दिवशी साखर नोएलीनची. प्रत्येक बाटलीत एकच चमचा, मग झाकण. तेवढ्यानेच फेस येतो. जास्त झाली तर आत वायू कोंडून काच फुटते. लग्न झाल्यापासून नोएलीनचा हात कधी चुकला नव्हता.

या वेळी बाटल्या भरताना मध्येच केरिनचा, त्यांच्या मुलीचा, होबार्टहून फोन आला. आईला आता म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवू या, असं ती कधीची म्हणत होती. दुकानातून येताना आई वाट चुकली, गॅस तसाच राहिला, हे तिच्या कानावर गेलंच होतं. "अगं, काही झालेलं नाही तिला!" अ‍ॅथल फोनवर तावातावाने म्हणाला होता. "आत्ता या मिनिटाला शेडमध्ये साखर घालतेय. एक चमचा इकडचा तिकडे नाही!" आणि तो हे कौतुक सांगत असताना ती शेवटच्या बाटलीपाशी पोचून पुन्हा पहिलीकडे वळली होती.

रविवारी केरिन आली ती नाक मुरडतच. "डॅड, शेडमध्ये काय सांडलंय? आख्ख्या अंगणात आंबूस वास येतोय."

"बाटल्या फुटल्या. साखर दोनदा घातली मी. गाढवपणा झाला."

"बघितलंस?" नोएलीन खदखदून हसली. "म्हणून मी ह्याला साखरेच्या डब्याला हात लावू देत नाही. एक काम सांगावं आणि ह्या म्हाताऱ्याने त्याचा विचका करावा! बटाटे घे गं, केरिन, वाळलीयेस किती."

अ‍ॅथलही हसला. हसताना डोळे भरून आले ते त्याने मोहरीच्या चटणीवर ढकललं. आतून मात्र तो पार मोडून गेला होता.

जेवणानंतर नोएलीन खुर्चीत पेंगायला लागली. केरिन त्याच्या शेजारी उभी राहून ताटल्या पुसत होती.

"डॅड, तू घातलीस साखर?"

"म्हटलं ना एकदा."

"जन्मात कधी घातली होतीस?"

तो एकच ताटली घासत राहिला. मग म्हणाला, "एवढा हिवाळा राहू दे गं तिला. लागरचे दिवस आहेत."

केरिनने ओला फडका तोंडाला लावला. मग म्हणाली, "सप्टेंबर लागेपर्यंत. मग मात्र मी तुझं काही ऐकणार नाही."

"बरं," अ‍ॅथल म्हणाला. त्याने वाद घातला नाही, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी नोएलीन एप्रन बांधून हजर. "बाटल्या कधी भरायच्या रे?"

त्याने जुन्या डब्यात उरलेलं चमचाभर माल्ट पातेल्यात उकळलं, घरभर तो ओळखीचा वास सुटला. पिंपात नळाचं पाणी भरलं, त्यात ते पातेलं ओतलं; यीस्ट टाकलंच नाही, म्हणजे काही फुटायला नको. मग एकेक बाटली भरून तिच्यापुढे ठेवली. ती गुणगुणत साखर घालत गेली, शेवटच्या बाटलीपाशी पोचली आणि पुन्हा पहिलीपासून सुरू झाली. त्याने तिला अडवलं नाही. तिचं समाधान झाल्यावर त्याने झाकणं दाबली. ती झोपली की तो बाटल्या रिकाम्या करी, धुऊन पालथ्या घाली. तिने विचारलं की पुन्हा तोच खेळ. खऱ्या लागरसाठी आणलेला अर्काचा नवा डबा फळीवर न उघडता तसाच राहिला.

ऑगस्ट संपत आला. तिची बॅग भरून पलंगाशी ठेवलेली होती. केरिन दुपारी यायची होती.

"ह्या वेळची चाखायचीच नाही का?" नोएलीनने विचारलं.

तो सकाळीच भरलेल्यांतली एक बाटली घेऊन आला. झाकण उघडलं, फस्स झालं नाही. त्याने दोन ग्लासांत ओतली. तिने ग्लास खिडकीकडे धरला.

"फारच फिकी झालीय रे."

"फिकीच असते ती."

तिने घोट घेतला. "पण गोड आहे."

"साखर तुझी ना, नोएल."

ती खूश झाली. उरलेली तिच्या ग्लासात रिकामी करायला त्याने बाटली उचलली, तशी तिने झटकन त्याचं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती.

"अरे, तळातलं सोडायचं! गाळ असतो तिथे. किती वर्षं सांगायचं तुला?"

"चुकलं गं," तो म्हणाला, आणि तळाशी उरलेल्या बोटभर पाण्यासकट बाटली टेबलावर अलगद ठेवून दिली.