मास्तरांनी पकडलेली चूक

मास्तर हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. पण दवाखान्यातली यंत्रं चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणाऱ्या अख्ख्या टीमचे कान त्यांनीच उपटलेले. "यंत्राचा डेटा ठेवायला सिस्टीमच्या गाभ्यातल्या कर्नलकडून मेमरीचा बफर घेतलात ना? मग काम होवो नाहीतर फसो, बाहेर पडताना तो परत करा. बापाची मेमरी आहे का?" हे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिनं नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकलं होतं.

आणि आता त्यांच्याच कोडमध्ये नेमकी तीच चूक! यंत्राचा डेटा वाचणं फसलं की फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, सरळ बाहेर, बफर तसाच अडकलेला. मेमरी थोडी थोडी गळत गेली आणि पाचव्या दिवशी वॉर्डातला औषधाचा पंप बंद पडला. नर्सचं लक्ष गेलं म्हणून पेशंट वाचला. मास्तरांना विसर पडतोय हे तिला वर्षभर ठाऊक होतं. त्यांच्या चुका ती गुपचूप निस्तरत आली. ही एक नजरेतून सुटली. कसली माया अन् कसलं काय, माणूस गेला असता ना!

आता यंत्रांवर थेट कोड चढवण्याचा मास्तरांचा अधिकार काढून घ्यायचा होता. साहेबांनी अंग काढून घेतलं आणि सांगायचं काम तिच्या गळ्यात मारलं.

मास्तरांच्या घरी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. "आज बरे आहेत हं," म्हणाल्या. मास्तरांसमोर बसल्यावर तिनं लॅपटॉपवर ते फंक्शन नुसतं उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा चढवला आणि अर्ध्या मिनिटात त्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथून हा बाहेर पडतोय. मग बफर कोण परत करणार, याचा मामा?"

आहेत की मास्तर, अजून आहेत! तिला इतका आनंद झाला की काही विचारू नका.

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी."

मास्तर रागावलेसुद्धा नाहीत. "तू? अगं, माझ्यामागे सगळं तुझ्यावर सोपवणार होतो मी." मग म्हणाले, "जाऊ दे. अजून काही वर्षं मीच बघतो. रोज दाखवत जा."

अधिकाराबद्दल अवाक्षर न काढता ती ऑफिसात परतली आणि स्वतःच्या हातानं त्यांचं कोड चढवायचं खातं बंद केलं.

तासाभरात त्यांचा फोन आला. "पोरी, माझं खातं उघडत नाहीये. तुझ्याच हातून काहीतरी झालं असणार. रडतेस कशाला? घाबरू नकोस, मी आहे ना. सांगतो तसं कर."