डभोई रस्त्यावरचं फाटक

यंदा आमच्या नातीने, अवंतीने, बडोदे-डभोईसकट मोसमातल्या सगळ्या सायकल शर्यती मारल्या. कौतुक करायचं सोडून आमचे हे सोसायटीभर सांगत सुटले, "आमची सर हिला नाही. आता पूल झालाय. तेव्हा रेल्वेचं फाटक लागायचं. पुढच्याने तिथे थांबायचं, मागचे येऊन मिळाले की सगळ्यांनी एकदम सुटायचं. आघाडी गेली पाण्यात! तरी मी लागोपाठ चार वर्षं जिंकलो."

काल त्यांचे जुने प्रतिस्पर्धी जशुभाई चहाला आले, तर पुन्हा तेच सुरू. माझं डोकंच फिरलं.

"अहो, माझं माहेर त्या फाटकाला लागून. चारही वर्षं जशुभाई तिथे तुमची वाट बघत उभे असायचे."