घासून गेलेला आकडा

दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, देवघरातली पितळी डबी उघडायची, आतली जुनी नाणी चिंच आणि राखेनं घासायची, मग पाटावर मांडून हळदकुंकू लावायचं, असा त्या घरचा रिवाज होता. काम तानाबाईचं. राजाराणीचं तोंड ती अंगठ्यानं हळू घासे; काही झालं तरी माणसाचं तोंड. अक्षरांची बाजू मात्र नारळाच्या शेंडीनं जोर लावून, कारण अक्षरांत मळ साचतो. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे इतक्या निष्ठेनं केलं होतं, की इंग्रज सरकार जे लिहून गेलं त्यातलं बरंचसं तिनं साफ करून टाकलं होतं.

दिग्रसजवळच्या त्या गावात तिचा नवरा रामराव आणि दीर गुणवंत यांनी शेत वाटून घेतलं, घर मधोमध भिंत घालून वाटून घेतलं, आंब्याचं झाड फांद्याफांद्यांनी वाटून घेतलं. डबी तेवढी राहिली. लक्ष्मीची वाटणी करू नये असं दोघांनाही मनापासून वाटत होतं, कारण डबीत विशेष काही नाही अशी दोघांचीही खात्री होती.

ती खात्री तानाबाईच्या मुलानं, अमरनं, घालवली. तो इतिहासात बी. ए. होऊन घरीच होता आणि मोबाइलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ पाहत होता. त्यानं एक भिंग आणलं आणि डबी ओसरीवर उपडी केली. राणीछाप रुपये ओळखले, भोकाचा पैसा ओळखला, चारमिनारवाला निजामाचा रुपया ओळखला. मग एक राजाछाप रुपया तो भिंगाखाली फिरवत राहिला. सहावा जॉर्ज. साल एकोणीसशे तीस आणि वर काहीतरी. अडतीस असेल, तो मोठ्यानं सांगू लागला, तर चांदीच्या भावात मोड. एकोणचाळीस असेल तर नागपूरचा व्यापारी स्वतः गाडी घेऊन दारात येणार. आणि शेवटचा आकडा जागेवर नव्हता.

"माय, हे काय करून ठेवलं तू?"

"काय केलं? लख्ख तं आहे."

भिंत पातळ होती. गुणवंत लगेच अंगणात येऊन उभा राहिला.

"भाऊ, कोणता आकडा आहे?"

"आठ," रामराव म्हणाला.

"मंग मले दे. चांदीचा भाव देतो."

"नाही देत."

"काहून? आठच आहे ना?"

"आजाची आठवण आहे."

"आजानं तुले लहानपणी इहिरीत फेकलं होतं. त्याची कायची आठवण आली तुले?"

रामरावनं उत्तरादाखल पाण्याचा पितळी गडवा उचलला. तो त्यानं गुणवंतच्या तोंडावर हाणला. दोन दात ओसरीवर पडून नाण्यांत मिसळले. घाईघाईत नाणी गोळा करताना अमरनं त्यातल्या एका दातावर भिंगही धरलं.

गुणवंतनं बैलगाडीची लाकडी उभारी उपसली. पहिला फटका रामरावच्या खांद्यावर बसला आणि हाड वाजलं. अमर मधे गेला. "काका, याची एक शास्त्रीय पद्धत असते," इतकं तो बोलला आणि ते वाक्य तिथंच राहिलं. उभारी त्याच्या टाळूवर आली होती. तो तोंडावर पडला. हातातलं भिंग गालाखाली फुटून काच आत गेली. गुणवंतनं त्याला उताणं केलं, छातीवर गुडघा रोवला आणि शेजारच्या कुडात खोचलेला विळा ओढून त्याच्या गळ्याला लावला. गळ्यावर बारीक लाल रेघ उमटली आणि वाहू लागली.

"रुपया दे भाऊ. नाही तं हे पोट्टं कापतो."

"थांब," रामराव म्हणाला. "विचार करू दे."

आणि तो खरोखरच विचार करू लागला. तानाबाईनं नवऱ्याचा तो चेहरा ओळखला. बैलाचा सौदा करताना तो असाच व्हायचा.

अमरच्या हातून उडालेला रुपया तिच्या पायाशी पडला होता. तो उचलून तिनं ओसरीच्या कडेच्या पाट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी वरवंटा डोक्याच्या वर नेला.

"भावजी, इकडं पाहा. माह्या पोराले सोडा, नाही तं याचा चुरा करते."

गुणवंतनं पाहिलं. विळा बोटभर उचलला गेला. आणि रामरावनं उडी घेतली, ती पोराकडं नव्हे. वरवंटा खाली येत होता तेव्हा त्याचा पंजा रुपयावर पसरला होता. हात आवरता आला असता की नाही, हे तानाबाईनं पुढं कोणालाच सांगितलं नाही.

शेंगा फुटाव्यात तसा आवाज झाला.

"भाऊ!" गुणवंत ओरडला. विळा पडला. क्षणभर तो खराखुरा धाकटा भाऊ झाला. मग त्याची नजर पंजाखाली गेली.

तानाबाई पोराकडं धावली. त्याच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, गळा वाहत होता. तिनं पदराचा बोळा करून गळ्याला दाबला. "ऊठ, दवाखान्यात चाल." अमर उठला आणि गुडघ्यांवर सरकत पाट्याशी गेला.

"बाबा, हात हळूच उचला. घासू नका. काका, टॉर्च मारा. खालचं गोल बंद आहे का उघडं, तेवढं पाहू."

रामरावनं कण्हत, दुसऱ्या हातानं धरून पंजा बाजूला काढला. रुपया शाबूत होता. रक्त उरल्यासुरल्या खाचेत उतरून आकडा लालभडक उमटला होता. आठ. आकड्यांपुरती शिकलेल्या तानाबाईलाही तो दिसला.

"आठ नाही," गुणवंत फुसफुसत म्हणाला. "रक्त साचलं आहे ते."

"मलेही तसंच वाटते," रामराव म्हणाला.

"रक्तानं फसगत होते," अमर म्हणाला आणि आणखी खाली वाकला. तानाबाई त्याच्या मागं ओणवी होऊन गळ्यावरचा बोळा दाबून उभी होती. बोळा भिजून तिच्या मनगटावरून थेंब पाट्यावर पडत होते.

"माय, बाजूले हो न," तो म्हणाला. "उजेड अडून राह्यला."