पत्र येईपर्यंत लिफ्ट बंद

लिफ्ट दुरुस्त न करण्यात लिफ्टवाल्याचा फायदा सरळ होता. लिफ्ट चालू झाली की कंपनी त्याला पुढच्या गावी पिटाळणार आणि त्याच्या प्रेयसीचं पत्र नेहमीप्रमाणे मागच्या गावी पोचणार. लिफ्ट बंद राहिली तर तोही इथेच राहणार आणि पत्र हाती पडणार. तोटा इमारतीचा. प्रेमात पडलेला माणूस दुसऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी करत नाही.

म्हणून ब्रेकची स्प्रिंग त्याच्या उशीखाली होती आणि तोंडात एकच वाक्य : "पार्ट मागवलाय." उशी सहा मजले वर, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. लॉजचं भाडं वाचावं म्हणून कंपनी त्याला तिथेच झोपवायची. तिला त्याने हाच पत्ता कळवला होता. साधं पत्र गहाळ होतं, रजिस्टरनं पाठव, असंही बजावलं होतं. तिच्या घरी स्थळं बघणं सुरू होतं. थांबू की नको, एवढंच ती विचारणार होती.

पाचव्या मजल्यावरच्या मावशी जिन्यात पिशवी टेकवून त्याला गाठायच्या.

"काय रे, पार्ट चालत येतोय का तुझा?"

"येईल मावशी, एवढ्यात."

"मला खाली न्यायला चार माणसं यायच्या आत आला म्हणजे मिळवली."

मग इमारतीला काम चाललंय असं वाटावं म्हणून तो मशीनच्या खोलीत हातोडी आपटत बसायचा.

अशाच एका ठोकाठोकीत टपालवाला खाली जिन्याच्या तोंडाशी आला. त्याने वर मान करून दोन हाका मारल्या.

"आहे तो वर," पिशवी घेऊन बाजारातून परतलेल्या मावशी म्हणाल्या. "ऐका की, ठोकतोय."

"आहे ना? मग हाक ऐकून येत नाही म्हणजे नको असेल."

"जरा वर जाऊन बघा ना."

"तुम्ही रोज जाता, काय मिळालं?" असं म्हणून त्याने रजिस्टरच्या पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलं आणि निघून गेला. मावशी धापा टाकत घरी पोचल्या, तोवर निरोप द्यायचं त्राण उरलं नव्हतं.

शेवटी कंपनीची तार आली : काम संपव, नाहीतर घरी जा. लिफ्टवाल्याने नाइलाजाने स्प्रिंग बसवली. त्या लिफ्टमधून पहिला वर आला टपालवाला, हातात पोस्टकार्ड.

"वा! किती मऊ चालते हो!"

कार्डावर तिचं अक्षर होतं : 'रजिस्टर परत आलं. तुमचा नकार समजला. मी दुसरीकडे होकार दिला आहे.'

"मी कधी नकार दिला?" लिफ्टवाला ओरडला.

"तुम्ही कुठे? तो मी लिहिला. सहा मजले कोण चढणार?"

तर भरपाई कोणी केली? मावशींनी गुडघ्यांनी केली. तिने पत्र परत आलं त्या रात्रीच्या रडण्याने केली, आणि मग आवरलं. टपालवाल्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, वर एक फेरी फुकट मिळाली. उरलेलं सगळं लिफ्टवाल्याच्या नावावर पडलं, आणि अख्ख्या इमारतीत एकालाही त्यात वाटेकरी व्हावंसं वाटलं नाही.