माझ्या समासातलं भांडण

मी एक जुनं पुस्तक आहे मित्रांनो, आणि उद्या दसऱ्याला माझी पूजा होणार आहे. मला मात्र धाय मोकलून रडावंसं वाटतंय.

लोधिवलीच्या वाचनालयात आलो तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. नावातच 'समीक्षा'! मुलांना वाटायचं, ही परीक्षेचीच धाकटी बहीण. खरं तर माझं सांगणं साधं होतं. गोष्ट आवडली एवढ्यावर थांबू नका, का आवडली ते शोधा. खटकली तर कुठे, ते समासात पेन्सिलीने लिहा.

नववीतल्या हर्षलाने ते मनावर घेतलं. माझ्यातल्या नमुन्याच्या गोष्टीशेजारी तिने लिहिलं, 'यातली आई एकदाही बोलत नाही. लेखकाला तिला विचारावंसं वाटलं नाही?' तिच्या वर्गातल्या अक्षयने खाली लिहिलं, 'ती गप्प आहे म्हणूनच तर वाईट वाटतं.' भांडण तीन पानं चाललं. पुढे तर माझं अख्खं नववं प्रकरण चुकलंय, असं तिने कारणांसकट लिहिलं. काय सांगू, माझी छाती फुगली!

आज सकाळी वाचनालय सांभाळणारे विलासकाका पूजेसाठी पुस्तकं काढू लागले आणि माझी पानं पाहून हादरले. माणूस देवभोळा. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी दहादा नमस्कार करणारा. त्यांनी हर्षलाला बोलावून घेतलं.

"सरस्वतीच्या अंगावर रेघोट्या मारल्यास गं? पुसून टाक, नायतर रद्दीत घालतो."

"काका, ती घाण नाय हाय. आमी नीट वाचलंय, म्हणून लिवलंय."

"पुस म्हनलं ना!"

मला वाचवायचं म्हणून ती रडत रडत खोडरबर घासत राहिली. 'रद्दीत जाऊ दे गं मला!' मी आतल्या आत आक्रोश करत होतो. पण छापलेल्या अक्षरांपलीकडे मला आवाज नाही. आई पुन्हा मुकी झाली. अक्षय पुसला गेला. नववं प्रकरण पुन्हा बरोबर ठरलं.

"आता बघ कसं दिसतंय!" काका खूश होऊन म्हणाले.

"चांगलं हाय," ती खाली मान घालून म्हणाली आणि निघून गेली.

आता मी पाटावर बसलो आहे. उद्या हळदकुंकू वाहतील, पूजेतलं पुस्तक म्हणून उघडणार नाहीत, आणि मग कपाटाला कुलूप. मित्रांनो, मी तुमच्या पाया पडतो, तुम्ही माझ्या पडू नका. हात जोडणारे मला पुष्कळ मिळतील. कुणीतरी पेन्सिल घेऊन या. लवकर या.