पाहुण्यांना दाखवायचा ट्रे

आमचे हे वनस्पतिशास्त्रातले मोठे शास्त्रज्ञ आहेत. किती मोठे ते त्यांनाच विचारावं. दुसऱ्या कुणाला विचारलं तर उत्तर फार लवकर संपतं. मी त्यांची बायको, आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत मोजणीचं यंत्र चालवते. म्हणजे घरी जे ऐकायचं तेच दिवसभर तिकडेही ऐकायचं.

ह्यांची सगळी कीर्ती एका जनुकावर उभी आहे. झाडाला पाय नसतात. ऊन तापलं, पाणी तुटलं, तरी बिचाऱ्याला जागचं हलता येत नाही. मग ते आतल्या आत सोय लावतं: वेळेला लागणारी जनुकं चालू करतं, नको ती बंद ठेवतं. ह्यांनी पाणी तोडल्यावर चालू होणारं एक नवं जनुक शोधलं, आणि तेव्हापासून दुष्काळाचा शोधही आपणच लावल्यासारखे वागतात.

प्रयोग साधा होता. एका ट्रेमधल्या रोपांना पाणी द्यायचं, दुसऱ्यातल्यांचं तोडायचं. मग दोन्हींची पानं कुटायची आणि जनुक कुठे किती चालू आहे ते मी यंत्रावर मोजायचं. ह्यांच्या तहानेल्या ट्रेमध्ये ते जोरात चालू असे. बाकी कुठल्याही प्रयोगशाळेत मात्र ढिम्म. त्या लोकांना झाडं कळत नाहीत, असा ह्यांचा निकाल ठरलेला होता.

मग एक विद्यार्थिनी आली. चणीने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिचं शेवटचं वर्ष होतं आणि तिच्याही ट्रेमध्ये जनुक झोपलेलंच. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, पुन्हा पुन्हा तेच. ह्यांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं, की समितीपुढे उभी राहीपर्यंत जमलं नाही तर पीएचडी विसर आणि घरी जा. घरी म्हणजे थोरल्या वहिनीच्या शिकवणीवर्गात फुकट राबायला. तिथून कशीबशी सुटून आली होती पोर. त्या दिवशी तिने डबासुद्धा उघडला नाही.

एके दुपारी पाहुणे आले. पाहुणे आले की ह्यांच्या अंगात येतं. तहानेला ट्रे टेबलावर आणतात, पानांवरून तळहात फिरवतात आणि म्हणतात, बघा, कशी तग धरून आहेत माझी लेकरं. खऱ्या लेकराच्या पाठीवरून ह्या माणसाने कधी हात फिरवल्याचं मला आठवत नाही. पाणी मिळणारा ट्रे खालच्या फळीवर, मागे. खाऊन-पिऊन सुखी रोपांत पाहुण्यांना काय दाखवायचं? पाहुणे चहाला गेले, मी नेहमीसारखी पानं कापायला बसले, आणि कात्री हातातच राहिली.

नुसता हात लागला तरी झाड जनुकं चालू करतं. त्याला वाटतं वारा सुटला, नाहीतर अळी चढली. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात, आणि शिकवतात कोण, तर आमचे हेच. पण आपला हातही वाऱ्यात आणि अळीत मोडतो, हे साहेबांच्या डोक्यात शिरेल तर शपथ! चिमणी मात्र कुंडी काठाला धरून उचलायची, पानाला बोट लागू द्यायची नाही. तिच्या खोलीकडे पाहुणेही फिरकत नसत. तिचं काही चुकतच नव्हतं.

मी तिला बोलावून सगळं सांगितलं. भरपूर पाणी घातलेली रोपं घेतली, दोघींनी कुरवाळली, अर्ध्या तासाने मोजलं. जनुक टक्क जागं! मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. ती हसली नाही. किती वेळ कुरवाळायचं, किती वेळाने पानं कापली तर आकडा सगळ्यात वर जातो, एवढंच विचारत राहिली. मला वाटलं, ही खरी शास्त्रज्ञ. सगळं सांगितलं.

"हेच समितीपुढे मांड," मी म्हणाले. "जिरू दे त्यांची. मी आहे तुझ्यामागे."

ह्यांना मी अवाक्षर बोलले नाही. नवऱ्याचं तोंड उतरलेलं पुढच्या रांगेत बसून बघायचं होतं मला. समितीच्या दिवशी मी ठेवणीतले कपडे घातले.

चिमणी उभी राहिली. पडद्यावर तिचे आकडे आले: तहानेल्या ट्रेमध्ये जनुक चालू, पाण्याच्या ट्रेमध्ये बंद. सरांचा निष्कर्ष जसाच्या तसा. मला आधी काही कळेचना. मग आठवलं, आदल्या आठवड्यात तिने मोजायला दिलेल्या कुटलेल्या पानांच्या नळ्या मी काही न विचारता मोजल्या होत्या. तहानेली रोपं तिने आधी कुरवाळली होती आणि दुसऱ्यांना हात लावला नव्हता. हे खुर्चीत फुलून बसले होते.

एका परीक्षकाने विचारलं, की मग इतके दिवस का जमत नव्हतं?

"पद्धत नीट कळली नव्हती, सर," ती म्हणाली. "मॅडमनी शिकवली."

परीक्षक माझ्याकडे वळले. "मोजणी तुमचीच ना? आकडे बरोबर आहेत?"

चिमणी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत लाज नव्हती, विनवणीही नव्हती. माझ्या एका वाक्याने ती वहिनीच्या वर्गात परत गेली असती. हे तर महिन्याभरात सावरले असते, अशी माणसं सावरतातच. ह्यांना मूर्ख म्हणण्यात माझा जन्म गेला. पण हे स्वतः तरी फसलेले होते. आम्हा दोघींना सगळं माहीत होतं.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले.

आणि ह्या माणसाने, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, चारचौघांत उभं राहून माझे आभार मानले.